मोठ्या ग्रुपवर प्रश्न टाकला तर उत्तर का येत नाही, आणि यावं म्हणून काय करावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. राजापूर तालुक्यात कातळावर तुमची हापूसची कलमं आहेत. आंबा बागायतदारांच्या एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही "मोहोर काळो पडता, काय मारूचा?" असं विचारलंत आणि खाली एक फोटो टाकलात. दोन तास कुणी बोललं नाही. मग तिघांनी तीन वेगळी औषधं सांगितली, एकाने "पर्सनलला या" म्हटलं, तेवढ्यात कुणीतरी वाशीचे दर टाकले आणि सगळी मंडळी तिकडे वळली. तुमचं म्हणणं असं की, हजार माणसांच्या ग्रुपचा मग उपयोग काय, आणि तिथे विचारायची काही वेगळी रीत असते का?

रीत असते. मी दापोलीला शेतकी शिकलो, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागांना सल्ला देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि अशाच एका ग्रुपचा अ‍ॅडमिनही आहे. त्यामुळे रोज कोणत्या प्रश्नाला लगेच उत्तर द्यावंसं वाटतं आणि कोणता प्रश्न अंगठ्याने वर सरकवला जातो, हे मला आतून माहीत आहे. पुढचं सगळं त्या बाजूने लिहितोय.

तुम्हाला वाटतंय की लोकांना काही पडलेलं नाही, किंवा माहीत असून ते सांगत नाहीत. न सांगणारे असतात, नाही म्हणत नाही. शेजाऱ्याच्या कलमाला दिवाळीत मोहोर कसा आला हे त्याला विचारून बघा, तो देवाच्या कृपेपलीकडे काही बोलणार नाही. पण तुमच्या बाबतीत तसं झालेलं दिसत नाही. तुम्ही जेवढं लिहिलंत, तेवढ्यावर कुणालाही खरं उत्तर देताच आलं नसतं. ज्या तिघांनी दिलं, त्यांनी अंदाज मारला. ज्याला खरोखर कळतं, तो गप्प बसला.

तो गप्प का बसला ते बघा. जाणकार माणूस दिवसभर बागेत असतो, कातळावर रेंज असली तर असते. रात्री जेवून बसला की ग्रुप उघडतो. दीड-दोनशे मेसेज साचलेले असतात. एकेका मेसेजला त्याच्याकडे अर्धा मिनिट असतं, कधी तेही नाही. त्या अर्ध्या मिनिटात उत्तर देता येईल असा प्रश्न दिसला, तर तो देतो. ज्या प्रश्नासाठी आधी पाच उलटे प्रश्न विचारावे लागतील, त्यांची उत्तरं येईपर्यंत थांबावं लागेल, तिथे तो पुढे सरकतो. यात मग्रुरी नाही, त्यालाही उद्या पहाटे पंप घेऊन निघायचं असतं. मोठ्या ग्रुपवर विचारताना बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा: उलटा प्रश्न न विचारता उत्तर देता येईल, असा मेसेज लिहायचा. ते कष्ट विचारणाऱ्याने घ्यायचे.

आता तुमचाच प्रश्न घेऊ. "मोहोर काळा पडतो" या एका वाक्याखाली निदान चार वेगवेगळी दुखणी येतात. तुडतुडे रस शोषतात आणि मधासारखा चिकट पदार्थ टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते. तेव्हा मोहोर आणि खालची पानं हाताला चिकट लागतात, उन्हात चमकतात. करपा, म्हणजे बुरशीचा रोग, असेल तर चिकटा नसतो. देठांवर, फुलांवर काळपट ठिपके पडतात, ते एकमेकांत मिसळतात आणि मोहोर वाळतो. अवकाळी पाऊस किंवा दोन-तीन दिवस मळभ असलं की हा हमखास. भुरी हीही बुरशीच, सुरुवातीला पांढरी पिठासारखी दिसते, नंतर तोच मोहोर तपकिरी-काळा होऊन गळतो, म्हणून उशिरा बघणाऱ्याला तो नुसता काळाच दिसतो. चौथे फुलकिडे. ते खरवडून रस शोषतात, मोहोर करपल्यासारखा तांबूस-काळा होतो आणि किडा इतका बारीक की लांबून दिसत नाही. कीड आणि बुरशी यांची औषधं वेगळी. तुडतुड्यांचं औषध करप्याला मारलंत तर पैसे गेले, वर मोहोरावर येणाऱ्या माश्या-मधमाश्याही गेल्या, म्हणजे फलधारणेलाही फटका.

तुमच्या फोटोत यातलं काहीच कळत नव्हतं, कारण तो झाडाखाली उभं राहून आभाळाकडे धरून काढलेला होता. मागे उजेड, पुढे काळी सावली. तसा फोटो काढला तर निरोगी मोहोरही काळाच दिसेल.

त्याऐवजी मेसेज असा असता तर?

"राजापूर, कातळावरची बाग, समुद्रापासून साधारण दहा किलोमीटर आत. हापूस, पंधरा-सोळा वर्षांची कलमं. मोहोर पूर्ण फुललाय, काही ठिकाणी कणी धरलीय. चार दिवसांपासून मोहोराचे देठ काळे पडताहेत, साधारण निम्म्या झाडांवर, खालच्या फांद्यांवर जास्त. हाताला चिकट लागत नाही. पांढऱ्या कागदावर झटकून पाहिलं, किडे दिसले नाहीत. गेल्या आठवड्यात दोन दिवस मळभ होतं, एकदा भुरभुर पाऊस. शेवटची फवारणी अठरा दिवसांपूर्वी, बाटलीच्या लेबलचा फोटो खाली जोडलाय. बुरशीनाशक अजून मारलेलं नाही. हा करपाच आहे का? राजापूर-देवगड पट्ट्यात या आठवड्यात आणखी कुणाकडे असं दिसतंय का?"

लिहायला पाच मिनिटं लागतात. पण जाणकाराच्या डोळ्यांसमोर हे वाचता वाचताच झाड उभं राहतं. चिकट नाही म्हणजे तुडतुड्यांचा संशय कमी, कागदावर काही पडलं नाही म्हणजे फुलकिडेही बहुधा नाहीत, मळभ आणि पाऊस होऊन गेलाय. तो दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होतो. आणि बऱ्याचदा असंही होतं की, एवढं लिहायला बसल्यावर विचारणाऱ्यालाच उत्तर सापडतं. कागदावर मोहोर झटकायला म्हणून झाडाखाली जातो आणि कागदावर पिवळट किडे वळवळताना दिसतात.

कुठली माहिती द्यायची ते प्रश्नावर अवलंबून आहे. आंब्याच्या प्रश्नात गाव जवळजवळ नेहमीच लागतं, कारण पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनारा एक असला तरी मोहोराची वेळ एक नाही, आणि खाडीकाठची खोल माती व कातळ फोडून भरलेला खड्डा यांत जमीन-अस्मानाचा फरक. झाडाचं वय लागतं. झाड कोणत्या अवस्थेत आहे ते लागतं: पालवी, बोंगे, फुलोरा, की फळ वाटाण्याएवढं, सुपारीएवढं, अंड्याएवढं. केव्हापासून आणि किती झाडांवर हेही लागतं. एकाच झाडावर असेल तर वेगळा विचार, सगळ्या बागेत असेल तर वेगळा.

मात्र सगळ्यात जास्त राहून जातं ते म्हणजे आधी काय केलंत. लोक हे लपवतात, किंवा "सगळं मारून झालं" एवढंच लिहितात. सगळं म्हणजे काय? तीनदा एकाच गटातलं औषध मारलं असेल तर चौथ्यांदा तेच सांगणं म्हणजे किडीला व्यायाम देणं. दुकानदाराने दिलेलं व्यापारी नाव लिहून भागत नाही. एकाच घटकाची दहा नावं बाजारात असतात आणि सारख्या वाटणाऱ्या दोन नावांत वेगळेच घटक निघतात. बाटली उलटी करून लेबलवरचं तांत्रिक नाव आणि टक्केवारी लिहा. वाचता येत नसेल तर लेबलचा जवळून फोटो टाका. बाटली फेकून दिली असेल तर दुकानाची पावती बघा.

फोटोबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आमच्या ग्रुपवरचे निम्मे प्रश्न फोटोत मार खातात. तीन फोटो पुरतात. एक लांबून, पूर्ण झाड दिसेल असा. एक हातभर अंतरावरून फांदीचा. एक अगदी जवळून, दुखऱ्या भागाचा, शेजारी बोट किंवा रुपयाचं नाणं धरून, म्हणजे आकार कळतो. सूर्य तुमच्या पाठीमागे हवा. मोहोर किंवा पान तोडून सावलीत पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढलात तर फारच उत्तम, आणि पानाची मागची बाजूही दाखवा, निम्मे किडे तिथेच बसलेले असतात. काढण्याआधी कॅमेऱ्याची काच लुंगीला पुसा, कारण फवारणी करून आलेल्या हाताने फोन धरलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, म्हणून पाठवताना एचडीचा पर्याय निवडा, किंवा डॉक्युमेंट म्हणून जोडा. आणि मजकूर फोटोच्या खाली, त्याच मेसेजमध्ये लिहा. आधी फोटो, मग पाच मिनिटांनी मजकूर असं केलंत, तर मध्ये चार जणांचे मेसेज घुसतात आणि कुठला प्रश्न कुठल्या फोटोचा हे कुणालाच कळत नाही.

तीन मिनिटांचा व्हिडिओ, ज्यात अर्धा वेळ स्वतःचे पाय आणि पाचोळा दिसतो, तो कृपा करून नको. व्हॉइस नोटचं मात्र सरसकट नाही म्हणणार नाही. ग्रुपवर साठी-सत्तरीचे बागायतदार आहेत, त्यांना टाइप करायला जमत नाही, आणि त्यांच्याइतकं झाड आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी जरूर बोलावं, पण मुद्द्याचं आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात. अडचण अशी की व्हॉइस नोट नंतर शोधता येत नाही. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की अक्षरं आपोआप उमटतात, हे घरातल्या नातवाने आजोबांना एकदा दाखवलं की काम भागतं. मालवणीत लिहिलंत तरी कुणाची हरकत नसते.

पुढची अडचण जरा वेगळी आहे. पुष्कळदा माणूस मूळ दुखणं विचारतच नाही, स्वतः ठरवलेल्या उपायाबद्दल विचारतो. कल्टार म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणण्यासाठी द्यायचं औषध. त्याबद्दल दर जुलैत हमखास येणारा प्रश्न: "कल्टार एका झाडाला किती मिली?" याला नेमकं उत्तर नाहीच, कारण प्रमाण झाडामागे ठरत नाही, फांद्यांच्या विस्ताराच्या व्यासावर ठरतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस व्यासाच्या दर मीटरला तीन मिली अशी आहे, द्यायची वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या आसपास. म्हणजे चार मीटर विस्ताराच्या झाडाला बारा आणि आठ मीटरच्या झाडाला चोवीस. हे एवढं सांगून मी गप्प बसू शकतो. पण "कशासाठी देताय?" म्हणून विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते: गेली दोन वर्षं एक आड फळ येतंय, झाड खंगलंय, खोडातून भुसा पडतोय. म्हणजे खोडकिडा आहे. अशक्त झाडाला कल्टार द्यायचंच नसतं, आधी झाड सुधारायचं. प्रश्न नुसता मिलीचा विचारला आणि नुसतं मिलीचं उत्तर मिळालं, तर ते झाड आणखी खचतं. म्हणून उपायाबद्दल विचारायचं असलं तरी आधी एका ओळीत लिहा की मुळात काय बिघडलंय.

बागेबाहेरच्या गोष्टींनाही हेच लागू. "ई-पीक पाहणी चालत नाही, काय करू?" असा मेसेज हंगामात रोज येतो (हे पिकाची नोंद करायचं सरकारी अ‍ॅप). चालत नाही म्हणजे अ‍ॅप उघडत नाही, ओटीपी येत नाही, गट नंबर दिसत नाही, की फोटो काढताना ठिकाण चुकीचं दाखवतं? पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा द्या, कुठल्या पायरीवर अडलं ते सांगा, अ‍ॅप अद्ययावत केलं होतं का ते लिहा. फक्त स्क्रीनशॉट टाकण्याआधी त्यावरचा मोबाइल नंबर आणि खाते क्रमांक झाका. विम्याच्या प्रश्नात तर लोक आधार कार्ड, पासबुक, सातबारा असं सगळं पुडकं ग्रुपवर सोडतात. हजार अनोळखी माणसांना पासबुक दाखवायचं कारण काय? नाव, नंबर खोडून पाठवलं तरी उत्तर तेच मिळतं. आणि प्रश्न टाकल्यावर कुणी "मी विमा कार्यालयातून बोलतोय" म्हणत वेगळा फोन करून ओटीपी मागितला, तर तो फोन तिथेच ठेवा.

आता कुणीच न बोलण्याबद्दल. 1968 मध्ये अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावलं, आणि बोलता बोलता त्यातल्या एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. आवाज नाटकी होता, ऐकणाऱ्याला ते माहीत नव्हतं. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले 85 टक्के तो झटका संपायच्या आत मदतीला उठले. आपल्याशिवाय आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटलं, त्यांतले फक्त 31 टक्के. पाच माणसांत ही तऱ्हा, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपची मर्यादा 1,024 आणि टेलिग्रामची दोन लाख. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी सांगेलच.

यावर मला कामाला आलेला उपाय एकच. प्रश्न सगळ्यांना न विचारता त्यातल्या थोड्यांना विचारायचा. "कुणाला माहीत आहे का?" याऐवजी "कातळावर ठिबक केलेल्यांनी सांगावं", "देवगड-राजापूर पट्ट्यातल्यांनी सांगावं", "गेल्या वर्षी ज्यांनी पुनरुज्जीवनासाठी जुनी कलमं छाटली, त्यांनी सांगावं". वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे आपल्याला विचारलंय. एखाद्याने पूर्वी त्याच विषयावर चांगलं लिहिलं असेल, तर त्याच्या नावाने एकदा टॅग करायलाही हरकत नाही. एकदाच. चार जाणकारांना एका दमात टॅग केलंत की चौघंही एकमेकांकडे बघत बसतात.

वेळही सांभाळावी लागते. सकाळी सहा ते अकरा बागायतदार बागेत, दुपारी डुलकी. रात्री साडेआठ-नऊला टाकलेल्या प्रश्नाला निवांत उत्तर मिळतं. एप्रिल-मेमध्ये तोड, प्रतवारी, पेट्या, गाडी यात कुणाला शुद्ध नसते, तेव्हा एक दिवस जास्त धरा. पावसाळ्यात गावचे गाव लाइटीविना असतात, तेव्हा मौन दिसलं तर राग मानू नका. दहा मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा, मग नुसती प्रश्नचिन्हं, मग "या ग्रुपवर कोणी मदत करत नाही" हा जो क्रम आहे ना, त्याने पुढच्या प्रश्नाचंही उत्तर जातं. एक दिवस थांबा. मग स्वतःच्याच जुन्या मेसेजला रिप्लाय करून त्यात काहीतरी नवीन घाला: आज पुन्हा पाहिलं, ठिपके कणीवरही आलेत, हा नवा फोटो. प्रश्न खाली येतो आणि त्यात भरही पडते.

"सर नमस्कार, एक विचारायचं होतं" एवढंच लिहून थांबणारे लोक रोज भेटतात. विचारा ना. परवानगी कशाला? मी "बोला" म्हणेपर्यंत तुम्ही फवारणीला गेलेले असता आणि तुम्ही परत येईपर्यंत मी झोपलेला असतो. नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये येऊ द्या.

विचारण्याआधी ग्रुपवरच शोधून बघा असं सगळे सांगतात, मीही सांगतो, पण त्यात एक मेख आहे. कुणी मोहोर लिहितो, कुणी मोहर, कुणी तुडतुडा, कुणी तुडतुडे. म्हणून पूर्ण शब्द न घालता सुरुवातीची दोन-तीन अक्षरं घालून शोधा. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नंतर आलेले असाल, तर आधीच्या गप्पा तुमच्याकडे सहसा नसतातच, त्यामुळे सापडलं नाही म्हणून कुणी दरडावलं तर मनाला लावून घेऊ नका. टेलिग्रामवर अ‍ॅडमिनने जुना इतिहास खुला ठेवला असेल तर नव्या माणसालाही मागचं वाचता येतं, माहितीच्या ग्रुपला ते जास्त सोयीचं.

आता "पर्सनलला या". कधी ते बरोबर असतं. कुणाची कौटुंबिक वाटणी, कर्ज, दलालाबरोबरचा हिशेब असली प्रकरणं चव्हाट्यावर नकोतच. पण फवारणीचा सल्ला पर्सनलला द्यायचं काही कारण नसतं. उघड्यावर दिलेला सल्ला चुकीचा असेल तर दुसरा कुणीतरी टोकतो, बंद दाराआड टोकणारं कुणी नसतं. असं बोलावणाऱ्यांत औषधं विकणारे बरेच निघतात. विकणारा वाईट असतो असं नाही, आमच्या भागात काही दुकानदार पदवीधरांपेक्षा चांगलं निदान करतात. फक्त तो विकणारा आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं. तुम्ही सरळ लिहा, "इथेच सांगा ना दादा, सगळ्यांना उपयोग होईल." खरा माणूस सांगतो.

तीन जणांनी तीन औषधं सांगितली तर कुणाचं ऐकायचं, हे तुम्ही विचारलंत. मी सल्ला कुणी दिला याआधी तो कसा दिला ते बघतो. उत्तर देण्यापूर्वी ज्याने तुम्हाला काही विचारलं, तो पहिल्या नंबरचा. ज्याने कारण सांगितलं, तो दुसरा. नुसतं औषधाचं नाव आणि पुढे अंगठा, तो शेवटचा. त्याची बाग कुठे आहे ते विचारा, डहाणूच्या माणसाचा अनुभव वेंगुर्ल्यात जसाच्या तसा उतरत नाही. दोघांचं पटत नसेल तर वाद घालत न बसता दोघांनाही विचारा की, माझ्या झाडावर काय दिसलं तर तुमचं म्हणणं खरं ठरेल? मग झाडाखाली जाऊन ते बघा.

आणि ग्रुपकडून काय घ्यायचं नाही, हेही ठरवा. "तुमच्याकडेही असंच झालंय का, तुम्ही काय केलंत, फरक किती दिवसांत पडला" हे ग्रुपने सांगावं, ते त्याचं बळ आहे. लिटरला किती ग्रॅम, दोन औषधं एकत्र चालतील का, फवारणी आणि तोड यांत किती दिवस सोडायचे, हे लेबलवर आणि विद्यापीठाच्या मोहोर संरक्षणाच्या वेळापत्रकात बघायचं. तिथे शंका राहिली तर तालुका कृषी अधिकारी आहेत, वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, देवगड तालुक्यात रामेश्वरचं आंबा संशोधन उपकेंद्र आहे, आणि किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. या लोकांशी बोलतानाही वरच्यासारखा मेसेज तयार असला की पाच मिनिटांत काम होतं.

काही गोष्टी ग्रुपवर टाकायच्याच नाहीत. फवारताना कुणाला चक्कर आली, उलटी झाली, औषध डोळ्यांत गेलं, किंवा बागेत फुरसं चावलं, तर ग्रुप उघडू नका. 108 ला फोन, किंवा गाडी काढून सरळ ग्रामीण रुग्णालय. औषधाची बाटली सोबत न्या, डॉक्टरांना लेबल लागतं. अशा वेळी ग्रुपवर विचारलं की कुणी मीठपाणी सांगतो, कुणी जखम कापायला सांगतो, कुणी मांत्रिकाचा नंबर देतो, आणि त्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही. मी अ‍ॅडमिन म्हणून असा मेसेज दिसला की खाली फक्त 108 लिहितो आणि बाकीच्यांची तोंडं बंद करतो.

हे सगळं मोठ्या ग्रुपचं झालं. गावातल्या वीस-पंचवीस जणांच्या ग्रुपला एवढं लागत नाही. तिथे "काकानू, जरा बघून जावा" एवढ्यावर काका संध्याकाळी बागेत हजर होतात आणि हजार जणांच्या ग्रुपपेक्षा ते कधीही चांगलं. मला विचाराल तर आधी तिथे विचारा, तिथे अडलं तर मोठ्या ग्रुपवर या. येताना काकांनी काय सांगितलं तेही लिहा.

एक गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही, आणि जे करतात त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे लगेच उत्तर मिळतं. उपाय केल्यावर काय झालं, ते परत येऊन सांगणं. "धन्यवाद सर" आणि हात जोडलेलं चित्र छान आहे, पण त्यातून मला काही कळत नाही. "तुम्ही म्हणालात तसं बुरशीनाशक मारलं, सहा दिवसांनी नवे ठिपके थांबले, जुना काळा भाग तसाच आहे, थोडी कणी गळाली" हे कळलं की माझं निदान बरोबर होतं का ते मलाही कळतं, आणि पुढच्या वर्षी शोधणाऱ्याला पूर्ण गोष्ट मिळते. फरक पडला नसेल तर तेही सांगा, त्यात सांगणाऱ्याचा अपमान नाही. दुसरं, उत्तर मिळाल्यावर आपला प्रश्न साधा वाटतो म्हणून लाजून काही जण तो डिलीट करतात. तसं करू नका. खाली नुसती उत्तरं लोंबकळत राहतात, कशाची ते कुणाला कळत नाही. शब्द चुकला असेल तर पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो.

तुमच्या मोहोराचं म्हणाल, तर इथून मी नाव घेणार नाही. उद्या सकाळी दव वाळल्यावर तीन वेगवेगळ्या झाडांचे मोहोर पांढऱ्या कागदावर झटका, देठांना हात लावून चिकटा आहे का बघा, ठिपके देठावर आहेत की फुलांवर ते टिपा. मागच्या फवारणीची बाटली सापडली तर तिचं लेबल, आणि सूर्य पाठीला ठेवून काढलेले तीन फोटो. हे सगळं एका मेसेजमध्ये रात्री ग्रुपवर टाका आणि इथेही खाली जोडा, मी उद्या नऊनंतर बघतो. तोपर्यंत त्या तिघांपैकी कुणाचंही औषध पंपात ओतू नका.